दोन डेस्कटॉप प्रोसेसरांची बेंचमार्कवर तुलना कशी करावी

कोल्हापुरात नवा डेस्कटॉप जुळवून घ्यायचा ठरला, की बहुतेक जण राजारामपुरी, शाहूपुरी असे फिरून दोन-तीन कोटेशने घेऊन येतात. रॅम, एसएसडी, कॅबिनेट या ओळी सगळ्या कोटेशनांत थोड्याफार सारख्याच असतात. फरक असतो तो पहिल्या ओळीत, म्हणजे प्रोसेसरच्या नावात. एकावर इंटेलचे नाव असते, दुसऱ्यावर एएमडीचे, आणि किमतीत हजार-दोन हजारांचे अंतर असते. मग मोबाइलवर दोन्ही नावे टाकून शोधले जाते, कुठेतरी बेंचमार्कचा, म्हणजे ठरावीक काम देऊन वेग मोजणाऱ्या चाचणीचा, एक मोठा आणि एक लहान आकडा दिसतो आणि मोठ्या आकड्याचा प्रोसेसर घेतला जातो. हा आकडा कोणत्या कामाचा होता, किती वेळ चाचणी चालवून मिळाला होता आणि त्या मशीनमध्ये रॅम कशी लावली होती, या तीन गोष्टी विचारल्याशिवाय त्या आकड्यावर पैसे खर्च करू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

ही तुलना दुकानातल्या मशीनवर कोणालाही करता येते. त्यासाठी लागणारे प्रोग्राम फुकट मिळतात, एक दुपार पुरते आणि नोंदी ठेवायला एक वही लागते. पुढे उदाहरणासाठी मी इंटेलचा कोअर आय५-१२४०० आणि एएमडीचा रायझन ५ ५६०० ही जोडी घेतली आहे. दोन्ही २०२२ साली बाजारात आले, त्यामुळे आज त्यांच्याहून नवे प्रोसेसर मिळतात. पण तुलना शिकायला ही जोडी फार चांगली आहे, कारण कागदावर दोघे भावंडांसारखे दिसतात आणि प्रत्यक्षात कामागणिक वेगळे वागतात.

पहिली पायरी: आपले काम लिहून काढा

चाचणी चालवण्याआधी आपल्या मशीनवर दिवसभर काय चालते ते वहीत लिहावे. ‘ऑफिसचे काम’ किंवा ‘डिझाइनिंग’ असे मोघम लिहून चालत नाही. लक्ष्मीपुरीतल्या एखाद्या फ्लेक्स छपाईच्या दुकानात मोठ्या आकाराच्या फाइल उघडणे, त्यांवर इफेक्ट देणे आणि शेवटी एक्सपोर्ट करणे हे काम असते. शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत पॅटर्नची ड्रॉइंग करणाऱ्याच्या मशीनवर ऑटोकॅडसारखा प्रोग्राम चालतो आणि त्यातले बरेचसे काम एकाच थ्रेडवर (कामाच्या एका धाग्यावर), म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर (प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या एका भागावर) चालत असल्यामुळे तिथे सहाऐवजी बारा कोअर बसवून हाताला जाणवेल असा फरक पडत नाही. फाउंड्रीत कास्टिंग सिम्युलेशन चालत असेल तर गोष्ट उलट होते, कारण ते काम अनेक कोअरांवर वाटले जाते. मात्र अशा काही सॉफ्टवेअरच्या लायसन्समध्येच किती कोअर वापरता येतील हे ठरलेले असते, म्हणून प्रोसेसर निवडण्याआधी लायसन्सचा कागद उघडून पाहणे शहाणपणाचे. हिशेबाची नोंद, बिले आणि पत्रव्यवहार एवढेच काम असेल, तर सध्याच्या कोणत्याही मध्यम प्रोसेसरवर ते अडत नाही. अशा ठिकाणी उरलेले पैसे चांगल्या एसएसडीत आणि यूपीएसमध्ये घालावेत आणि हा लेख इथेच सोडला तरी चालेल.

कामाच्या यादीत प्रत्येक कामापुढे ‘यात मी किती वेळ वाट पाहतो’ हेही लिहावे. दिवसातून एकदा वीस मिनिटे थांबावे लागणारे एक्सपोर्ट आणि दिवसातून दोनशे वेळा अर्धा सेकंद अडकणारा माउस, यांतले कोणते जास्त त्रासाचे आहे हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते. पहिल्या प्रकाराला सगळे कोअर मिळून काम करण्याची ताकद लागते, दुसऱ्याला एकेका कोअरचा वेग लागतो, आणि बेंचमार्कमध्ये या दोन्हींचे आकडे वेगवेगळे मिळतात.

दुसरी पायरी: जोड नीट लावा

खासबागेत कुस्ती ठरवताना पैलवानाचे वजन आणि तयारी पाहून जोड लावतात. विजोड कुस्तीचा निकाल पाहून कोण चांगला लढतो हे कळत नाही. प्रोसेसरांचेही तसेच आहे. तुलना करायची ती साधारण एका किमतीच्या आणि एका कामासाठी विकल्या जाणाऱ्या दोन प्रोसेसरांची.

इथे नावांकडे बारकाईने पाहावे लागते. रायझन ५ ५६०० आणि रायझन ५ ५६००जी यांत नावापुरता एका अक्षराचा फरक आहे, पण पहिल्यात ३२ मेगाबाइट एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) आहे आणि दुसऱ्यात १६ मेगाबाइट. पहिल्यात ग्राफिक्स नाही, त्यामुळे वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतल्याशिवाय मॉनिटरवर चित्रच येत नाही, तर दुसऱ्यात ग्राफिक्स आतच आहे. पहिला पीसीआय एक्सप्रेसची (ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी जोडण्याच्या मार्गाची) ४.० आवृत्ती चालवतो, दुसरा ३.० वर थांबतो. इंटेलच्या बाजूला आय५-१२४०० मध्ये ग्राफिक्स आहे आणि आय५-१२४००एफ मध्ये नाही. कोटेशनवर हे शेवटचे अक्षर पुष्कळदा लिहायचे राहून जाते, म्हणून दुकानदाराकडून पूर्ण नाव लिहून घ्यावे. कोणत्या प्रोसेसरचा आकडा कोणत्या नावापुढे लावला, यात गफलत झाली तर पुढची सगळी मेहनत फुकट जाते.

तिसरी पायरी: खोक्यावरची माहिती वाचा, पण तिथे थांबू नका

आता आपली जोडी पाहू. दोन्हींत सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत. दोन्हींचा सर्वाधिक क्लॉक स्पीड ४.४ गिगाहर्ट्‌झ लिहिलेला आहे. दोन्हींवर ६५ वॅट छापलेले आहे. एवढ्यावरून दोन्ही एकसारखेच धावतील असे वाटणे स्वाभाविक आहे.

पण गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला किती ठोके पडतात एवढेच. एका ठोक्यात किती काम उरकते, हे त्या प्रोसेसरच्या अंतर्गत रचनेवर ठरते आणि ते खोक्यावर लिहिलेले नसते. म्हणूनच दोन वेगळ्या रचनांचे गिगाहर्ट्‌झ एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. एकाच कंपनीच्या एकाच पिढीतल्या दोन प्रोसेसरांपुरताच तो आकडा उपयोगी पडतो. ६५ वॅटचेही तसेच आहे. इंटेलच्या कागदपत्रांत १२४०० ची मूळ मर्यादा ६५ वॅट आणि टर्बोतली (वेग वाढवून चालतानाची) कमाल मर्यादा ११७ वॅट अशी दिलेली आहे, तर एएमडीचा ६५ वॅट हा आकडा वेगळ्या पद्धतीने काढलेला असतो. दोन्हीकडे ६५ छापले आहे म्हणून वीज सारखी लागेल, असा निष्कर्ष काढता येत नाही.

कॅश मात्र लक्षात ठेवावी: १२४०० ला १८ मेगाबाइट एल३ आणि ५६०० ला ३२ मेगाबाइट. ज्या कामात तोच तो डेटा पुन्हापुन्हा लागतो तिथे मोठी कॅश रॅमपर्यंतचे हेलपाटे वाचवते, आणि हा फरक काही चाचण्यांत ठळक दिसतो तर काहींत मुळीच दिसत नाही.

कोअरांच्या संख्येबाबत एक सावधगिरीची सूचना. इंटेलच्या अलीकडच्या बऱ्याच प्रोसेसरांत दोन जातींचे कोअर असतात, जोरकस आणि काटकसरी. आय५-१३४०० मध्ये दहा कोअर लिहिलेले असतात, पण त्यांतले सहा जोरकस आणि चार काटकसरी आहेत. अशा दहा कोअरांची तुलना दुसऱ्या कंपनीच्या सारख्या ताकदीच्या आठ कोअरांशी नुसत्या मोजणीने करता येत नाही. १२४०० मध्ये सहाही कोअर जोरकसच आहेत, आणि शिकण्यासाठी ही जोडी निवडण्याचे तेही एक कारण आहे.

चौथी पायरी: प्रोसेसर सोडून बाकी सारे सारखे करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ घालवावा. एका छपाईच्या दुकानासाठी मी दोन मशीन शेजारी मांडून चाचणी घेत होतो. सिनेबेंच या बेंचमार्कमध्ये (त्याची माहिती पाचव्या पायरीत आहे) दोघांचे आकडे अपेक्षेप्रमाणे जवळजवळ आले, पण सेव्हन-झिप या प्रोग्राममधल्या फाइल आवळण्याच्या, म्हणजे लहान करण्याच्या, चाचणीत एक मशीन एवढे मागे पडले, की तो प्रोसेसर त्या दुकानासाठी नको असे मी सांगूनही टाकले. रात्री वही पुन्हा वाचताना शंका आली. सकाळी जाऊन कॅबिनेट उघडले, तर एका मशीनमध्ये ८ जीबीच्या दोन स्टिक होत्या आणि दुसऱ्यात १६ जीबीची एकच. एकूण रॅम दोन्हींत सोळाच, त्यामुळे विंडोजच्या पडद्यावर काही वेगळे दिसत नव्हते. दुसरी स्टिक लावून चाचणी पुन्हा घेतली, आणि आदल्या दिवशी दिलेला सल्ला मला मागे घ्यावा लागला.

कारण सोपे आहे. एकच स्टिक लावली तर रॅमकडून प्रोसेसरकडे जाणारा एकच मार्ग, म्हणजे चॅनेल, चालतो; दोन लावल्या तर दोन. डीडीआर४-३२०० रॅमचा एक चॅनेल सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गिगाबाइट डेटा पोहोचवतो आणि दोन चॅनेल मिळून ५१.२ गिगाबाइट. सिनेबेंचचे काम बहुतांशी प्रोसेसरच्या कॅशमध्ये मावते, म्हणून त्याला हा फरक फारसा जाणवत नाही. सेव्हन-झिपची आवळण्याची चाचणी रॅमकडे सतत धावते, म्हणून तिथे तो लगेच उघडा पडतो. सीपीयू-झेड नावाचा छोटा फुकट प्रोग्राम उघडून मेमरीच्या पानावर ड्युअल लिहिले आहे की सिंगल, एवढे पाहिले असते तर एक दिवस वाचला असता. डीडीआर५ रॅम असेल तर तिथे ड्युअलऐवजी चार गुणिले ३२ बिट असे दिसते. त्याचा अर्थ दोन्ही स्टिक नीट बसल्या आहेत असाच घ्यावा.

त्याच पानावर रॅमचा वेगही पाहावा. बाजारात ३२०० म्हणून घेतलेली रॅम बायोसमध्ये (विंडोजआधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी (रॅमला तिचा छापील वेग लावणारी सोय) चालू केल्याशिवाय पुष्कळदा २१३३, २४०० किंवा २६६६ वरच चालत राहते. सीपीयू-झेडमध्ये दिसणारा आकडा दुप्पट करून वाचायचा असतो, म्हणजे १६०० च्या आसपास दिसले तर रॅम ३२०० वर चालली आहे असे समजावे. १२४०० डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींवर चालतो, मात्र मदरबोर्ड यांपैकी एकाच प्रकारचा असतो. ५६०० ला फक्त डीडीआर४ लागते. म्हणून एका मशीनमध्ये डीडीआर५ आणि दुसऱ्यात डीडीआर४ असेल, तर वहीत ते ठळक लिहून ठेवावे, कारण मग ती तुलना एकट्या प्रोसेसरांची राहत नाही.

मदरबोर्डही हळूच हस्तक्षेप करतो. काही बोर्ड कंपनीने ठरवलेली विजेची मर्यादा परस्पर वाढवून ठेवतात, तर अगदी स्वस्त बोर्डांवर वीज पुरवणारा भाग तापून प्रोसेसरला आखडता हात घ्यावा लागतो. बायोसमध्ये जाऊन दोन्ही बोर्ड त्यांच्या मूळ मांडणीवर आणावेत आणि त्यानंतर फक्त एक्सएमपी चालू करावे. विंडोजची आवृत्ती एकच असावी, पॉवर प्लॅन एकच असावा, अपडेट पूर्ण झालेले असावेत. मशीन चालू केल्यावर लगेच चाचणी सुरू न करता दहा मिनिटे थांबावे. त्या वेळात विंडोजची मागची कामे आणि अँटिव्हायरसची तपासणी संपते. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर एक-दोन टक्क्यांवर स्थिरावला, की मशीन चाचणीला तयार झाले.

पाचवी पायरी: चाचण्या निवडा

प्रत्येक बेंचमार्क एक विशिष्ट प्रश्न विचारतो. तो प्रश्न आपला आहे का, हे पाहून निवड करावी.

सिनेबेंच हा मॅक्सॉन कंपनीचा आणि सगळ्यांच्या तोंडी असलेला बेंचमार्क. तो एक त्रिमितीय चित्र प्रोसेसरकडून रेंडर करून, म्हणजे आकडेमोडीने तयार करून, घेतो आणि एका कोअरचा व सगळ्या कोअरांचा असे दोन आकडे देतो. त्याच्या आर२०, आर२३ आणि २०२४ अशा आवृत्त्या आहेत आणि एका आवृत्तीचा आकडा दुसरीशी कधीही ताडू नये. आर२३ मध्ये हजारांत येणारा एका कोअरचा आकडा २०२४ मध्ये शंभराच्या आसपास येतो, आणि हे माहीत नसलेला माणूस उगाच घाबरतो. दुसरी मर्यादा अशी, की कोल्हापुरातल्या फार थोड्या कार्यालयांत त्रिमितीय रेंडरिंग चालते. सिनेबेंच चांगला आहे, पण तो सगळ्या कामांचा प्रतिनिधी नाही.

गीकबेंच ही प्रायमेट लॅब्जची चाचणी अनेक छोट्या कामांची मिळून बनलेली आहे. तिच्या सहाव्या आवृत्तीत कोअर आय७-१२७०० चा आकडा २५०० धरून बाकीचे आकडे त्या मापाने काढलेले असतात. पाचव्या आवृत्तीत आय३-८१०० ला १००० धरले होते. सहाव्या आवृत्तीत सगळे कोअर एकाच कामावर मिळून राबतात, त्यामुळे कोअर दुप्पट झाले तरी आकडा दुप्पट होत नाही. रोजच्या कामाच्या हे जास्त जवळचे आहे असे मला वाटते. ही चाचणी थोडा वेळच चालते आणि कामांच्या मध्ये थांबते, त्यामुळे प्रोसेसर तापल्यावर काय करतो हे तिच्यातून कळत नाही.

सेव्हन-झिपमधली चाचणी त्या प्रोग्रामच्या आतच असते. आवळण्याचा वेग कॅश आणि रॅमच्या तत्परतेवर फार अवलंबून असतो, उलगडण्याचा वेग प्रोसेसरच्या नुसत्या आकडेमोडीवर. हे दोन आकडे वेगवेगळे लिहावेत आणि खाली दिसणाऱ्या एकत्र आकड्याकडे दुर्लक्ष करावे. ब्लेंडरचा स्वतःचा बेंचमार्क तीन दृश्ये रेंडर करून मिनिटाला किती नमुने निघाले ते सांगतो आणि तो सगळे कोअर पूर्ण राबवतो. पण त्यातून कळणारी गोष्ट सिनेबेंचच्या जवळचीच असल्याने नवख्याने दोन्ही चालवण्याची गरज नाही.

यानंतर सगळ्यात महत्त्वाची चाचणी येते आणि ती आपली आपणच तयार करायची असते. आपल्या रोजच्या कामातली एक खरी फाइल घ्यावी, ती पेन ड्राइव्हवर ठेवावी आणि दोन्ही मशीनवर एसएसडीत उतरवून घेऊन तेच काम मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजावे. फ्लेक्सवाल्याने आपली सर्वांत जड फाइल उघडून एक्सपोर्ट करावी. व्हिडिओवाल्याने हँडब्रेक या व्हिडिओचा प्रकार बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये एकच क्लिप एकाच प्रीसेटवर बदलून पाहावी, किंवा त्याहून चांगले म्हणजे स्वतःच्या एडिटिंगच्या प्रोग्राममध्ये पाच मिनिटांची टाइमलाइन बाहेर काढावी. प्रोग्रामची आवृत्ती दोन्हीकडे एकच हवी.

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांसाठी इथे थोडे थांबून सांगतो, कारण त्यांच्या कामात सिनेबेंच अगदी चुकीच्या दिशेला बोट दाखवू शकतो. नव्या कॅमेऱ्यांतून पुष्कळदा एच.२६५ प्रकारचे, १० बिटचे, ४:२:२ रंगनोंदीचे चित्रीकरण येते. हे उलगडायला प्रोसेसरच्या कोअरांवर टाकले, तर टाइमलाइन अडखळत चालते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अंतर्गत ग्राफिक्समध्ये हा प्रकारही उलगडणारी वेगळी यंत्रणा आहे, तिला क्विक सिंक म्हणतात, आणि ती १२४०० मध्ये आहे, पण १२४००एफ मध्ये नाही. ५६०० मध्ये अंतर्गत ग्राफिक्सच नसल्याने ते काम कोअरांवर किंवा ग्राफिक्स कार्डवर जाते, आणि सगळीच कार्डे हा प्रकार उलगडत नाहीत. म्हणजे सिनेबेंचमध्ये जवळजवळ बरोबरीचे असलेले हे दोन प्रोसेसर एडिटिंगच्या टेबलावर दोन वेगळ्या इयत्तांतले वाटू शकतात. टाइमलाइनवर बोट ओढून पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

गेमसाठी तुलना करायची असेल तर दोन्ही मशीनमध्ये तेच ग्राफिक्स कार्ड आलटून-पालटून लावावे आणि रिझोल्यूशन कमी ठेवावे, नाहीतर कार्डच दमते आणि दोन्ही प्रोसेसर सारखेच दिसतात. सेकंदाला सरासरी किती फ्रेम (चित्रे) दिसतात त्यासोबत सर्वांत वाईट एक टक्का फ्रेमांचा आकडाही लिहावा. खेळताना जाणवणारा झटका तिथे सापडतो.

सहावी पायरी: चाचणी चालवा, आणि उष्णतेवर लक्ष ठेवा

प्रत्येक चाचणी कमीत कमी तीनदा चालवावी. एचडब्ल्यूइन्फो हा फुकट प्रोग्राम शेजारी उघडा ठेवून तापमान, क्लॉक स्पीड आणि वॅट या तीन ओळींकडे पाहत राहावे. सिनेबेंच आर२३ मध्ये सगळ्या कोअरांची चाचणी कमीत कमी दहा मिनिटे चालवण्याची सोय मुळातच आहे; घाई असली तरी ती बंद करू नये.

एका एप्रिलमध्ये उद्यमनगरातल्या एका ड्रॉइंग ऑफिसात मी १२४०० चे मशीन तपासत होतो. मशीन लाकडी टेबलाच्या कप्प्यात होते, कप्प्याचे दार लावलेले, आणि शेजारच्या कारखान्यातली बारीक काळी धूळ हीटसिंकच्या पात्यांत दाटून बसली होती. चाचणी सुरू झाली तेव्हा सहाही कोअर ४.० गिगाहर्ट्‌झवर होते, जे बरोबर होते. मग तापमानाची ओळ चढत गेली आणि १०० अंशांना टेकली. ही या प्रोसेसरची कमाल मर्यादा. त्यानंतर क्लॉक स्पीड पायरीपायरीने उतरू लागला. दार उघडले, ब्रशने आणि ब्लोअरने पाती साफ केली, थर्मल पेस्ट बदलली आणि तीच चाचणी पुन्हा घेतली, तेव्हा तापमान मर्यादेच्या बरेच खाली राहिले आणि वेग शेवटपर्यंत टिकला. ज्या मालकांना नवा प्रोसेसर हवा होता, त्यांना तो त्या दिवशी घ्यावा लागला नाही.

यातून तुलनेसाठी घ्यायचे ते एवढे, की दोन्ही मशीन एकाच खोलीत, दिवसाच्या एकाच वेळी, कॅबिनेट एकाच अवस्थेत ठेवून तपासावीत. खोली दहा अंशांनी तापली, की त्याच कूलरखाली प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापतो. डिसेंबरच्या सकाळी एक आणि मेच्या दुपारी दुसरा, अशी तुलना करू नये. दोन्ही प्रोसेसरांच्या खोक्यात कंपनीचा कूलर येतो. आपण तोच वापरणार असू तर चाचणीही त्याच्यावरच घ्यावी.

सातवी पायरी: आकड्यांचे गणित

तीन वेळा चालवलेल्या चाचणीचे तीन आकडे चढत्या क्रमाने लिहून मधला घ्यावा. सरासरीपेक्षा मधला बरा, कारण एखाद्या वेळी मागे अपडेट सुरू झाला तरी तो बिघडत नाही. समजा, एक्सपोर्टला पहिल्या प्रोसेसरवर २१२, २१३, २१४ सेकंद लागले आणि दुसऱ्यावर २१९, २२१, २२८. मधले आकडे २१३ आणि २२१. दुसऱ्याला आठ सेकंद जास्त लागले, म्हणजे पहिला साधारण ३.८ टक्के वेगवान दिसतो. पण दुसऱ्याच्या स्वतःच्याच तीन आकड्यांत नऊ सेकंदांची तफावत आहे. अशा वेळी पहिला जिंकला असे घाईने लिहू नये. चाचणी आणखी चार-पाच वेळा चालवावी आणि तरीही अंतर टिकले तर ते मान्य करावे. तीन-चार टक्क्यांचा फरक प्रत्यक्ष काम करताना हाताला कळत नाही हेही ध्यानात ठेवावे.

टक्केवारी काढताना एक नेहमीची चूक होते. एकाला १०० सेकंद आणि दुसऱ्याला ८० सेकंद लागले, तर दुसऱ्याला २० टक्के कमी वेळ लागला, पण त्याचा वेग २५ टक्क्यांनी जास्त आहे, कारण १०० ला ८० ने भागले तर १.२५ येते. दोन्ही विधाने खरी आहेत. एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरे वापरले की गोंधळ होतो. वहीच्या प्रत्येक रकान्यावर ‘जास्त तो चांगला’ की ‘कमी तो चांगला’ हे लिहून ठेवावे.

सगळ्या चाचण्यांचा मिळून एक आकडा काढायचाच असेल, तर साधी सरासरी घेऊ नये. समजा, एका चाचणीत पहिला दुप्पट वेगवान आहे आणि दुसऱ्या चाचणीत निम्मा. गुणोत्तरे २ आणि ०.५, त्यांची साधी सरासरी १.२५, म्हणजे पहिला २५ टक्के पुढे. आता हेच गणित दुसऱ्याच्या बाजूने मांडले तर तोही २५ टक्के पुढे निघतो, जे अशक्य आहे. गुणोत्तरांचा गुणाकार करून जितक्या चाचण्या तितके मूळ काढले, तर उत्तर बरोबर १ येते, म्हणजे दोघे बरोबरीत. हिला भूमितीय सरासरी म्हणतात, आणि १९८८ पासून संगणकांची मापे ठरवणारी स्पेक ही संस्थाही आपल्या निकालांसाठी हीच पद्धत वापरते. तरीसुद्धा माझा सल्ला असा, की एकत्र आकडा शेवटी पाहावा आणि पहिल्या पायरीतल्या यादीत ज्या कामापुढे जास्त वाट पाहण्याची नोंद आहे, त्या कामाचा आकडा आधी पाहावा.

आठवी पायरी: दुसऱ्यांचे आकडे वाचताना

दोन्ही मशीन समोर मिळतीलच असे नाही, आणि मग छापून आलेल्या चाचण्यांवर विसंबावे लागते. असा निकाल वाचताना आधी चाचणीची मांडणी सांगणारा भाग वाचावा: रॅम कोणती, कूलर कोणता, बोर्ड कोणता, विजेची मर्यादा काय. हा भाग नसलेला निकाल बाजूला ठेवावा. लोकांनी स्वतः टाकलेल्या आकड्यांच्या संग्रहात ओव्हरक्लॉक केलेली, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेली, मशीनही मिसळलेली असतात. तिथला सर्वांत वरचा आकडा न घेता बरेच आकडे पाहून मधल्या पट्ट्यातला घ्यावा. काही ठिकाणी ‘हा प्रोसेसर इतके टक्के चांगला’ असा एकच निकाल दिलेला असतो. त्यात एका कोअरला किती वजन दिले आणि सगळ्या कोअरांना किती, हे ज्याने तो निकाल तयार केला त्याने ठरवलेले असते, आणि ते वजन आपल्या कामाशी जुळेलच असे नाही.

नववी पायरी: किमतीशी सांगड

प्रोसेसरची किंमत एकटी धरू नये. समजा, एक ११,००० रुपयांना आणि दुसरा १३,००० रुपयांना मिळतो आणि दुसरा आपल्या कामात ८ टक्के वेगवान आहे. प्रोसेसरापुरते पाहिले तर १८ टक्के जास्त पैसे देऊन ८ टक्के वेग मिळतो, म्हणजे तोट्याचा व्यवहार. पण पूर्ण मशीन ४५,००० आणि ४७,००० रुपयांना पडत असेल, तर तोच ८ टक्के वेग साडेचार टक्क्यांहून कमी जादा खर्चात मिळतो. याउलट महागडा बोर्ड किंवा वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागत असेल, तर स्वस्त दिसणारा प्रोसेसर महाग पडतो. आपल्या जोडीत ५६०० ला कार्ड लागतेच. दोन्ही कोटेशनांतल्या रकमा जीएसटी धरून आहेत का, हेही विचारून घ्यावे.

दिवसभर चालणाऱ्या मशीनसाठी विजेचा हिशेब जोडावा. भिंतीच्या प्लगला लावायचे वॅटमीटर मिळते, त्यावर दोन्ही मशीनचे तेच काम चालू असतानाचे वॅट पाहावेत. सरासरी ४० वॅटचा फरक, रोज आठ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर ९६ युनिट होतात. आपल्या बिलातल्या दराने गुणले की वर्षाचा फरक रुपयांत मिळतो.

मशीन घरी किंवा कार्यालयात आले, की पहिल्याच दिवशी, दुकानात घेतलेल्या त्याच चाचण्या त्याच क्रमाने पुन्हा चालवाव्यात. दुकानातला आणि इथला आकडा दोन-तीन टक्क्यांच्या आत जुळला तर सगळे ठीक आहे. पाच टक्क्यांहून जास्त मागे पडला, तर आधी सीपीयू-झेडमध्ये रॅमचे चॅनेल आणि वेग पाहावा, मग एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान पाहावे, आणि तरी कारण सापडले नाही तर वही आणि बिल घेऊन त्याच आठवड्यात दुकानात जावे. आकडे, तारीख, खोलीचे तापमान आणि बायोसची आवृत्ती एका पानावर लिहून ते पान बिलाला टाचून ठेवावे. दोन वर्षांनी मशीन मंद झाल्यासारखे वाटले, तर त्याच चाचण्या पुन्हा चालवून या पानाशी ताडता येतात.